डॉ. जेरुशा झिराड यांचा धर्मशोध

गडमुडशिंगीहून कोल्हापूरला शिकावयास येणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांना ज्यू म्हटले की युरोप आठवतो. फार तर इस्रायल. मराठी मातृभाषा असलेले ज्यू कोकणात शतकानुशतके नांदले, हे त्यांच्या गावीही नसते. दोष त्यांचा नव्हे, शिकविणाऱ्या आमचा आहे.

कुलाबा जिल्ह्यातील हे बेने इस्रायल तेलाचे घाणे चालवीत, आणि शब्बाथ पाळण्यासाठी शनिवारी ते बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावे गावांवरून पडलेली. अलिबागजवळच्या झिराड गावाचे नाव लावणाऱ्या अशाच एका घराण्यात 1890 च्या सुमारास जेरुशा यांचा जन्म झाला.

शिमोगा हे त्यांचे जन्मगाव. शिक्षण पुण्यातील मुलींच्या हायस्कुलात आणि पुढे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात झाले. 1914 साली टाटांच्या निधीतून कर्जाऊ शिष्यवृत्ती घेऊन त्या लंडनला गेल्या. याच निधीच्या पहिल्या मानकऱ्यांत 1892 साली कोल्हापूर संस्थानच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या, याचा आम्हां कोल्हापूरकरांना अभिमान वाटावा. अर्थशास्त्राच्या शिक्षकाला तर त्यातील कर्जाचे तत्त्व अधिक मोलाचे वाटते: घेणारी मिंधी होत नाही आणि फेडीतून पुढच्याची सोय होते.

1919 मध्ये लंडनची एम.डी. पदवी मिळवीत असतानाच, या तरुणीपुढे स्वतःच्या धर्माचा प्रश्न उभा राहिला असला पाहिजे. घरच्या परंपरेत प्रार्थना हिब्रूत होत. सिनेगॉगमध्ये स्त्रिया पुरुषांपासून वेगळ्या, सज्जात बसत. त्यात मुंबईतील बगदादी ज्यू बेने इस्रायलांच्या ज्यूपणाविषयीच शंका घेत. शिक्षित स्त्रीने अशा वेळी दोनच मार्ग धरावेत अशी अपेक्षा असते. एक तर निमूटपणे सारे पाळावे, नाही तर सारेच सोडावे. लंडनमध्ये लिली माँटेग्यू यांनी 1902 साली सुरू केलेल्या ज्यूइश रिलिजस युनियनशी त्यांचा परिचय झाला. उपासनेत स्त्रीला पुरुषाच्या बरोबरीचे स्थान असावे आणि प्रार्थना उमजणाऱ्या भाषेतही व्हावी, हा त्या उदारमतवादी चळवळीचा आग्रह होता. तिच्यात तिसरा मार्ग होता.

तो मार्ग त्यांनी मुंबईत आणला. 1925 साली त्यांच्या पुढाकाराने तेथे ज्यूइश रिलिजस युनियन स्थापन झाली. कौतुक वाटते ते याचे की हे काम त्यांनी वैद्यकीच्या ऐन धकाधकीत केले. बहिणीचे प्राण वाचविणाऱ्या कामा रुग्णालयातील डॉक्टरीणबाईंकडे पाहून त्यांनी बालपणीच वैद्यकीचा निश्चय केला होता. 1928 पासून 1947 पर्यंत त्याच रुग्णालयाची धुरा त्यांनी सांभाळली. मुंबईतील मातामृत्यूंच्या कारणांवरील त्यांचा अहवाल 1941 साली निघाला. किती बाळंतिणी कशाने दगावतात, याची शिस्तशीर मोजणी त्या काळी दुर्मीळच होती. 1966 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

1948 नंतर समाजातील असंख्य कुटुंबे इस्रायलला निघून गेली. त्यामागे श्रद्धा होती, तशी चरितार्थाची ओढही होती. जाणाऱ्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. डॉ. झिराड मात्र येथेच राहिल्या. महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला तो 2016 साली, तोवर त्यांच्या निधनाला तीन दशके उलटून गेली होती आणि येथे उरलेले ज्यू काही हजारांवर आले होते.