क्रिप्टोच्या ३०० वर्षं आधी एका जुगाऱ्याने अख्ख्या फ्रान्सला कागद विकला होता

जुनं टोकन असेल त्यालाच नवं द्यायचं, भाव चढता ठेवायचा आणि लोक बाहेर पडू नयेत म्हणून नियम करायचे. आजच्या क्रिप्टोवाल्यांचे हे डाव १७१९ मध्येच खेळून झालेत. खेळणारा होता जॉन लॉ.

जन्म १६७१, एडिनबरा. वडील सोनार आणि सावकार. पोराचं गणित इतकं पक्कं की जुगारात फाशांची शक्यता डोक्यातल्या डोक्यात काढायचा. १६९४ मध्ये लंडनला द्वंद्वयुद्धात त्याने एकाला ठार केलं. फाशीची शिक्षा झाली, पण गडी तुरुंगातून पळाला.

१७१५ मध्ये फ्रान्सचा राजा चौदावा लुई गेला, मागं कर्जाचा डोंगर ठेवून. गादीवर पाच वर्षांचं पोर, कारभार ऑर्लेआँच्या ड्यूककडे. लॉने त्याला पटवलं, १७१६ मध्ये बँक काढली आणि कागदी नोटा सुरू केल्या. पुढच्या वर्षी कंपनी काढली. अमेरिकेतल्या लुईझियानाचा व्यापार तिच्याकडे.

खरी गंमत शेअरमध्ये होती. १७१९ मध्ये नवे शेअर काढताना त्याने अट घातली की एक नवा हवा तर चार जुने दाखवा. लोक जुन्याला आई आणि नव्याला मुलगी म्हणू लागले. पैसे हप्त्याने भरायचे, त्यामुळे सगळेच तुटून पडले. ५०० लिव्रचा शेअर वर्ष संपता संपता १०,००० च्या आसपास गेला. मिलियनेअर हा शब्द याच धामधुमीत रुळला.

घोळ असा की शेअर घ्यायला लागणाऱ्या नोटा लॉचीच बँक छापत होती. एकाने शेअर विकून सोनं नेलं तर काही बिघडत नाही. सगळे निघाले तर सोनं पुरणार नाही, आणि हे प्रत्येकाला कळत असतं. म्हणून जो तो दुसऱ्याच्या आधी दार गाठायला बघतो. गेम थिअरीतला हा ठरलेला पेच.

१७२० उजाडलं आणि तेच झालं. ५०० लिव्रपेक्षा जास्त नाणी जवळ ठेवायलाच बंदी आली. शेअरचा भाव ९,००० वर बांधला, तो टिकवायला आणखी नोटा छापल्या, महागाई भडकली. मे महिन्यात नोटांची किंमत टप्प्याटप्प्याने निम्मी करायचा हुकूम निघाला. बोंबाबोंब झाल्यावर आठवड्याभरात मागेही घेतला, पण उरलासुरला विश्वास तिथंच गेला. जुलैत बँकेपुढच्या चेंगराचेंगरीत माणसं मेली.

लॉ निव्वळ भामटा मात्र नव्हता. स्वतःचा पैसा त्याने फ्रान्समध्येच गुंतवला होता. डिसेंबरमध्ये देश सोडला तेव्हा तो सगळा मागं राहिला. शेवटी पुन्हा जुगारावर दिवस काढत १७२९ मध्ये तो व्हेनिसला वारला.