मनोविश्लेषणाचे भारतीय प्रणेते डॉ. गिरींद्रशेखर बोस

सातारा-सांगलीचे कर्मवीर भाऊराव पाटील ज्या 1887 साली जन्मले, त्याच वर्षी एका बंगाली कुटुंबात डॉ. गिरींद्रशेखर बोस जन्मले. कलकत्त्यात वैद्यकीय व्यवसाय सांभाळून त्यांनी मानसशास्त्राचे अध्ययन केले, विद्यापीठात तो विषय शिकविला व 1922 साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापिली. प्रत्येक इच्छेबरोबर तिची विरुद्ध इच्छाही मनात दडलेली असते, असे मत त्यांनी रुग्णांच्या अनुभवावरून मांडले. व्हिएन्नाच्या फ्रॉइड यांना ते पूर्णतः पटले नाही. त्या थोर पुरुषाविषयी नितांत आदर असूनही बोस यांनी मत सोडले नाही, पत्रव्यवहारही तोडला नाही. हे धैर्य सामान्य नव्हे. ज्येष्ठ बंधू राजशेखर यांनी दिलेल्या जागेत 1940 साली त्यांनी मनोरुग्णांसाठी लुंबिनी पार्क रुग्णालय उभारले. 1953 साली ते निवर्तले.