सफाईचं काम मागणारा कैदी

तुरुंगात कैदी काय मागतात? बरं जेवण, घरची पत्रं, वाचायला पुस्तकं. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात एका राजकैद्याने संडास सफाईचं काम मागितलं! तुरुंगाने चक्क नाही म्हटलं. कारण कैदी ब्राह्मण होता, आणि मैला उचलायचं काम ठरावीक जातीच्या कैद्यांनीच करायचं, असा तिथला रिवाज. तेव्हा या कैद्याने अन्नावरच पाणी सोडायला सुरुवात केली. ही बातमी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना कळली. डिसेंबर १९३२ मध्ये त्यांनीही त्याच्यासाठी उपोषण सुरू केलं. सरकारने या प्रश्नात लक्ष घालायचं आश्वासन दिलं, तेव्हा ते सुटलं.

हा कैदी म्हणजे सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन. सगळ्यांचे अप्पा. पुढे लोक त्यांना कोकणचे गांधी म्हणू लागले.

अप्पांचा जन्म १८९४ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातला. शिक्षणात हुशार, पुण्यात प्राध्यापकी मिळालेली. त्या काळात एवढ्यावर आयुष्य सुखात गेलं असतं. पण नोकरी सोडून ते गांधीजींकडे साबरमतीला गेले आणि नंतर काम करायला आपल्या कोकणातच परत आले. खादी, मिठाचा सत्याग्रह, तुरुंगवास हे सगळं झालंच. गांधीजींचं आत्मचरित्र मराठीत आणलं तेही अप्पांनीच. पण त्यांचं खरं वेगळेपण दिसतं ते इतर पुढारी नाक दाबून पुढे जात त्या ठिकाणी. अप्पांनी झाडू हातात घेतला, मैला उचलला, मेलेली जनावरंसुद्धा सोलली. स्वतःच्या जातीतल्या लोकांना हे किती रुचलं असेल, याची कल्पना करा!

देश स्वतंत्र झाल्यावर, १९४८ साली, त्यांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम काढला. कणकवली आज सिंधुदुर्गात असली तरी तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होती. तिथे अप्पांनी एक साधा प्रश्न हातात घेतला. मैला हाताने उचलायची पाळी कुणावर येऊच नये, यासाठी काय करता येईल? नुसती भाषणं देऊन काम संपणार नव्हतं. संडासाची रचनाच बदलायला हवी होती. गोपुरी संडासाची युक्ती अशी, की एक कप्पा वापरायचा, वर माती आणि पालापाचोळा टाकत जायचं. तो भरला की बंद करून दुसरा सुरू करायचा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यात खत झालेलं. घाण वाटणारी वस्तू शेतात न्यायच्या लायकीची होते, आणि ती उपसणाऱ्याला कुणी हलकं समजायचं कारणच उरत नाही. खताचा खड्डा हा अप्पांच्या लेखी जातीविरुद्धच्या लढाईचाच भाग होता.

कोकणाला खताची गरजही मोठी. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जांभ्या मातीतला कस धुऊन नेतो. कुंडीत तर हे आणखी लवकर होतं. गच्चीवरचं लिंबाचं झाड पावसाळ्यानंतर पिवळं पडतं, त्याचं एक कारण हेच.

मग अप्पांची युक्ती आपण आपल्या बालदीत का करू नये? रस काढून उरलेली मोसंबीची, संत्र्याची, लिंबाची सालं घ्या. अख्खी टाकलीत तर महिनोन्‌महिने तशीच राहतील, कारण त्यांच्यातलं तेल कुजणं लांबवतं. नखाएवढे तुकडे करा. तळाला भोकं पाडलेल्या बालदीत आधी कुस्करलेला पातेरा, वर सालं आणि स्वयंपाकघरातला बाकीचा ओला कचरा, मूठभर जुनं खत किंवा बागेतली माती, मग पुन्हा पातेरा. सुकं हे ओल्याच्या दुप्पट तरी हवं. आठवड्यातून एकदा ढवळा. वास आला तर पाणी जास्त झालंय असं समजा आणि पातेरा वाढवा. अडीच-तीन महिन्यांत साल ओळखू येईनासं होतं आणि ओल्या मातीचा वास येतो. सालं आंबट म्हणून खतही आंबट होईल ही भीती नको. नीट कुजल्यावर तो आंबटपणा राहत नाही. मात्र कच्ची सालं थेट कुंडीत पुरू नका. बुरशी आणि चिलटं येतात, आणि सालं कुजताना मातीतलं नत्र खातात.

लिंबाचं कलम चौदा-सोळा इंची कुंडीत लावा. दोन भाग माती, एक भाग हे खत आणि थोडी जाड वाळू. खाली भोकं मोकळी हवीत. पावसाळ्यात कुंडीखालची बशी काढून टाका, नाहीतर मुळं कुजतील. दिवसाला सहा तास ऊन द्या आणि वरची माती बोटभर सुकल्यावरच पाणी घाला. पाऊस संपला की दर महिन्याला दोन मुठी खत, बुंध्यापासून जरा लांब.

अप्पा १९७१ साली गेले. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा त्यानंतर बावीस वर्षांनी, १९९३ साली झाला, आणि २०१३ साली आणखी कडक कायदा करावा लागला. म्हणजे काम संपलेलं नव्हतं. आजही आपण ओला-सुका कचरा एकाच पिशवीत कोंबतो आणि ती पिशवी उघडून कचरा निवडायचं काम दुसऱ्याच कुणाच्या तरी हाताला येतं.

तेव्हा बालदी जरूर सुरू करा. फक्त ती ढवळायचं काम आईवर किंवा घरकामाला येणाऱ्या मावशींवर ढकलू नका. सालं तुम्ही खाल्लेल्या मोसंब्यांचीच आहेत ना?