कवटीच्या मापाला बुद्धीचे माप न मानणाऱ्या इरावतीबाई

डोके जितके मोठे तितकी बुद्धी अधिक, ही समजूत जुनी आणि चिवट आहे. परग्रहावरील बुद्धिमान प्राण्याचे चित्र काढायचे म्हटले, तरी भलेमोठे डोके आणि काटकुळे हातपाय असलेली आकृतीच बहुधा कागदावर उतरते. याच समजुतीच्या आधारे विसाव्या शतकाच्या प्रारंभी युरोपातील काही शास्त्रज्ञांनी मानववंशांची उतरंड रचली होती. त्या उतरंडीच्या बालेकिल्ल्यात जाऊन तिला मोजमापांनीच उत्तर देणारी विदुषी मराठी होती. तिचे नाव डॉ. इरावती कर्वे.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील मिंज्यान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तेथे अभियंता होते. इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवण्यात आले. शिक्षणासाठी ती सातव्या वर्षी पुण्यात हुजूरपागेत आली आणि रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरी वाढली. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ मध्ये तत्त्वज्ञानाची पदवी घेतल्यावर मुंबईत डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी समाजशास्त्राचा अभ्यास केला. महर्षी कर्वे यांचे पुत्र दिनकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९२८ मध्ये त्या उच्च शिक्षणासाठी जर्मनीला गेल्या.

बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. गोऱ्या युरोपियांच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असतो, त्यामुळे त्यांची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते आणि तेच त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीचे गमक होय, असा फिशर यांचा कयास होता. तो पडताळण्याचे काम त्यांनी या भारतीय विद्यार्थिनीकडे सोपविले. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत युरोपीय कवट्या होत्या, तशाच वसाहतींमधून आणलेल्याही होत्या. कवटीच्या दोन बाजूंतील फरकाचा वंशाशी संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. ज्यांच्या हाती आपली पदवी आहे, त्यांच्याच सिद्धान्ताला आधार नाही असे लिहिणे हे परदेशात एकट्या राहणाऱ्या पंचविशीच्या आतील विद्यार्थिनीसाठी सोपे नव्हते. तरीही पदवी मिळवून त्या मायदेशी परतल्या. पुढे नाझी राजवटीच्या वंशशुद्धीच्या धोरणाला याच संस्थेने शास्त्राचा मुलामा दिला, हे लक्षात घेता त्या निष्कर्षाचे मोल अधिकच जाणवते.

नंतरच्या संशोधनानेही केवळ आकाराला महत्त्व देणारा विचार मागे टाकला. गेल्या सुमारे २० लाख वर्षांत मानवी मेंदूचा आकार दुपटीहून अधिक वाढला, हे खरे. परंतु माणसाचा मेंदू सुमारे १.३ ते १.४ किलो वजनाचा, तर हत्तीचा पाच किलोच्या आसपास असतो. नामशेष झालेल्या निअँडरथल मानवाचा मेंदूही आपल्यापेक्षा लहान नव्हता. ऑक्टोपसच्या निम्म्याहून अधिक चेतापेशी तर डोक्यात नसून त्याच्या बाहूंमध्ये असतात. बुद्धी आकाराइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, चेतापेशींच्या रचनेवर आणि जोडणीवर अवलंबून असते. मग अन्य ग्रहावरील बुद्धिमान जीव मोठ्या डोक्याचाच असेल, असे कोणी ठामपणे सांगावे?

भारतात परतल्यावर इरावतीबाईंनी मोजपट्टी खाली ठेवली नाही. १९३९ मध्ये त्या पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात रुजू झाल्या आणि अखेरपर्यंत तेथेच रमल्या. डॉ. ह. धी. सांकलिया यांच्यासमवेत त्यांनी गुजरातमधील लांघणज येथील अश्मयुगीन सांगाड्यांचा अभ्यास केला. वि. म. दांडेकर यांच्या सहकार्याने महाराष्ट्रातील विविध समाजांची शारीरिक मोजमापे १९५१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. मात्र माणूस समजून घ्यायचा तर त्याचे नातेसंबंध, गाव आणि बोली समजून घेतली पाहिजे, याकडे त्यांचे लक्ष उत्तरोत्तर वळत गेले. भारतातील नातेसंबंधांवरील त्यांचा १९५३ चा ग्रंथ याची साक्ष देतो.

सातारा जिल्ह्याशी त्यांचा संबंध याच टप्प्यावर दृढ झाला. कन्या, लेखिका जाई निंबकर फलटणला स्थायिक झाल्या होत्या. वाढते फलटण शहर आणि भोवतालची खेडी यांचा अभ्यास इरावतीबाईंनी जयंत रणदिवे यांच्यासह केला. तो १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. पाटण तालुक्यातील कोयना धरणाने वीज दिली, पण अनेक गावे पाण्याखाली गेली आणि तेथील कुटुंबे सातारा, सांगली, सोलापूर अशा जिल्ह्यांत विखुरली. त्या विस्थापितांची पाहणी मायलेकींनी मिळून केली व १९६९ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. धरणग्रस्तांचा प्रश्न राजकारणाच्या ऐरणीवर येण्याआधीच उठविलेल्या गावांचे पुढे काय होते, याची नोंद एका मानवशास्त्रज्ञ स्त्रीने करून ठेवली होती.

'युगान्त'ने त्यांचे नाव मराठी घराघरांत पोहोचविले. त्या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कारही लाभला. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले. बर्लिनमधील त्यांच्या प्रबंधाची कहाणी मात्र दीर्घकाळ विस्मृतीत राहिली. अलीकडच्या वर्षांत अभ्यासकांनी ती उजेडात आणली. माणसाची योग्यता त्याच्या डोक्याच्या मापावरून ठरवू पाहणारे आजही भेटतात. त्यांच्यासाठी १४९ कवट्यांची ती काटेकोर मोजणी पुरेशी बोलकी आहे.