आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके : पाप-पुण्याचा एक हिशेब

पनवेलहून गोव्याकडे जाणाऱ्या हमरस्त्याने निघाले म्हणजे प्रथम पळस्पे लागते, आणि तेथून थोड्याच अंतरावर शिरढोण. पुढे कर्नाळ्याचा सुळका आकाशात बोट उभारून उभा असतो. या दोन गावांतील अंतर पायी चालणाऱ्यासही फार वाटू नये, इतके थोडे आहे. परंतु आद्य क्रांतिकारक म्हणून ज्यांचे नाव आपण आदराने घेतो, त्या वासुदेव बळवंत फडके यांच्या चरित्रात हेच अंतर पाप-पुण्याच्या विचारास फार मोठे होऊन बसले आहे. शिरढोण हे त्यांचे जन्मग्राम; आणि पळस्पे हे त्यांच्या साथीदारांनी लुटलेले गाव. ज्ञातीच्या स्मरणिकेतून थोरांची चरित्रे लिहिताना पहिल्या गोष्टीचा गौरव करावा आणि दुसरीवर पडदा ओढावा, असा प्रघात आहे. प्रस्तुत लेखात तो प्रघात थोडा बाजूस ठेवण्याचा विचार आहे. कारण वासुदेवरावांनी स्वतः तो पाळला नव्हता.

त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी शिरढोण येथे झाला. वडिलांचे नाव बळवंतराव, मातोश्रींचे सरस्वतीबाई. आजोबा अनंतराव हे कर्नाळा किल्ल्याचे किल्लेदार होते, आणि १८१८ साली तो किल्ला इंग्रजांच्या हाती गेला होता. गेलेल्या राज्याच्या कथा ज्या घरात आजोबांच्या तोंडून ऐकावयास मिळत, त्या घरातील मुलाच्या मनात कोणते बीज पडले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. तथापि त्यांचे प्रारंभीचे आयुष्य चारचौघांसारखेच गेले. कल्याण व मुंबई येथे थोडे शिक्षण, मुंबईत रेल्वेच्या कचेरीत नोकरी, आणि त्यानंतर पुण्यास लष्करी खात्याच्या हिशेब कचेरीत कारकुनी, असा त्यांचा क्रम होता. पुण्याची ही नोकरी त्यांनी वर्षानुवर्षे केली. जमा आणि खर्च समोरासमोर मांडून शिल्लक काढणे हा त्यांचा रोजचा व्यवसाय होता. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे प्रयोजन पडणार आहे.

मातोश्री आजारी असल्याचे वर्तमान आले तेव्हा रजा वेळेवर मिळाली नाही. ते शिरढोणास पोहोचले तोवर मातेचे डोळे मिटले होते. वर्षश्राद्धासही रजा नाकारण्यात आली. या प्रसंगाने त्यांचे मन सरकारविरुद्ध पेटले असे चरित्रकार सांगतात, आणि ते खरेही असावे. परंतु वैयक्तिक दुःखातून उठलेला क्रोध हा फार काळ टिकत नाही, आणि टिकला तरी त्यातून सूड निघतो, कार्य निघत नाही. वासुदेवरावांच्या क्रोधास व्यापक अर्थ आला तो पुण्यातील सार्वजनिक जीवनामुळे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची देशाच्या दारिद्र्यावरील व्याख्याने त्यांनी ऐकली आणि स्वदेशीचे व्रत घेतले. वामन प्रभाकर भावे व लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासह शिक्षणसंस्था स्थापण्यात त्यांनी भाग घेतला. महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी या नावाने ती संस्था आज विख्यात आहे. दत्ताची उपासना ते निष्ठेने करीत. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर त्यांचा गोपिकाबाईंशी विवाह झाला, तेव्हा त्यांनी पत्नीस लिहावयास, वाचावयास व घोड्यावर बसावयास शिकविले. पुण्याच्या गंज पेठेतील तालमीत लहुजी वस्ताद साळवे यांच्याकडे त्यांनी शस्त्रविद्येचे धडे घेतले. ब्राह्मण कारकुनाने मातंग वस्तादास गुरू मानावे, हे त्या काळी लहान धैर्याचे काम नव्हते.

अशा स्थितीत १८७६ साली पाऊस फसला आणि दख्खनमध्ये घोर दुष्काळ पडला. तो दोन वर्षांहून अधिक काळ रेंगाळला, आणि सबंध देशात त्याने पन्नास लाखांहून अधिक बळी घेतले असे अंदाज आहेत. दुष्काळ हे दैवाचे कृत्य. त्यात कोणास दोष द्यावा? परंतु त्या वर्षांत दैवाच्या जोडीस मनुष्याचा हिशेबही उभा राहिला होता. सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या आरंभी दुष्काळी कामावरील मजुरांची मजुरी कमी करून ती दिवसास एक रत्तल धान्य व एक आणा एवढी ठरविली. इतक्या अन्नावर खडी फोडणारे शरीर टिकते किंवा नाही, याची परीक्षा माणसांवर चालली होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या धोरणाविरुद्ध आवाज उठविला, आणि मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडली. हेच टेंपल त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले.

येथे थोडे थांबून विचार करणे अवश्य आहे. दुष्ट कोणास म्हणावे? अन्य कित्येक धर्मांत चांगले आणि वाईट यांची दोन निरनिराळी सैन्ये कल्पिली आहेत. झरथुष्ट्राच्या अनुयायांनी अहुर मज्दाविरुद्ध अहरिमन उभा केला, आणि ख्रिस्ती व इस्लामी परंपरेत सैतानाची कथा आली. आपल्या उपनिषदांत मात्र देव आणि असुर ही दोन्ही प्रजापतीचीच लेकरे होत. याचा अर्थ असा की, चांगल्यावाइटाची सीमा दोन माणसांमधून जात नसून एकाच माणसाच्या अंतःकरणातून जाते. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी व आसुरी संपत्तीची जी गणना आहे, ती वाचताना आपण दुसऱ्याकडे बोट दाखवीत असलो, तर तो अध्याय आपण व्यर्थ वाचला असे समजावे. टेंपल हे कोणी राक्षस नव्हते. खर्चात काटकसर करणारे दक्ष अधिकारी म्हणून त्यांची ख्याती होती. वाईटाचे हे रूप विशेष भयंकर, कारण त्यात क्रोध नाही, द्वेष नाही. केवळ आकडा आहे आणि आकड्यामागील माणूस दिसेनासा झाला आहे.

वासुदेवरावांस तो माणूस दिसला. दुष्काळी मुलुखात हिंडून त्यांनी लोकांची दैना पाहिली आणि सशस्त्र उठावाचा निश्चय केला. त्यासाठी प्रथम त्यांनी सधन लोकांकडे द्रव्य मागितले. परंतु सुशिक्षित आणि श्रीमंत वर्गाने हात आखडता घेतला. त्या वर्गात आपलेही पूर्वज होते, हे कबूल करावयास संकोच वाटण्याचे कारण नाही. ज्यांनी साथ दिली ते रामोशी, कोळी आणि धनगर. रामोशी हे पूर्वापार गावांचे रखवालदार. नव्या राज्यात त्यांची वतने व मान गेला, आणि त्यांच्या कपाळी चोर हा शिक्का बसला. याच समाजातील उमाजी नाईक यांनी कंपनी सरकारशी झुंज दिली होती, आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात ते फाशी गेले होते. तेव्हा वासुदेवरावांस आद्य म्हणताना उमाजींचे स्मरण प्रथम करावे, हे न्यायाचे होईल.

१८७९ च्या फेब्रुवारीत शिरूर तालुक्यातील धामारी येथे एका सावकाराच्या घरावर पहिला छापा पडला. हाती आले ते अवघे चारशे रुपये, असे सांगतात. त्यानंतर एकामागून एक गावे लुटली गेली. मे महिन्यात वासुदेवरावांचे उजवे हात दौलतराव नाईक यांनी घाट उतरून कोकणात प्रवेश केला, आणि १० व ११ मेच्या सुमारास पळस्पे व चिखले या गावी छापे घातले. सुमारे दीड लाखाचा ऐवज त्यांच्या हाती लागल्याचे नमूद आहे. परतीच्या वाटेवर मेजर डॅनियल यांच्या तुकडीने त्यांस गाठले आणि त्या चकमकीत दौलतराव मारले गेले. सैन्य उभारण्यासाठी म्हणून घेतलेले द्रव्य सैन्य न उभारताच नष्ट झाले.

पळस्प्याच्या त्या रात्रीचा विचार आपण पनवेलकरांनी तरी टाळू नये. ज्यांची घरे लुटली गेली ते इंग्रज नव्हते. शिरढोणाच्या माणसास जे परके म्हणता येणार नाहीत, असे ते शेजारी होते. त्यांच्या घरांत वृद्ध असतील, लेकुरवाळ्या स्त्रिया असतील. देशासाठी लुटले, म्हणून त्यांचे भय कमी झाले नसेल. हेतू पवित्र होता एवढ्याने लूट पवित्र झाली, असे आपण म्हणू लागलो, तर उद्या ज्या कोणास आपला हेतू पवित्र वाटेल, त्यास शेजाऱ्याचे दार फोडण्याची मुभा आपण दिल्यासारखे होईल.

मग वासुदेवराव अधर्मी ठरतात काय? आपल्या शास्त्रकारांनी या प्रश्नाचे उत्तर सोपे करून ठेवलेले नाही. कर्णपर्वात कौशिक नामक तपस्व्याची कथा आहे. त्याने सत्याच्या व्रतापायी, लपलेल्या निरपराध लोकांचा ठावठिकाणा लुटारूंस सांगितला आणि तो अधोगतीस गेला. शांतिपर्वात विश्वामित्रांची कथा आहे. बारा वर्षांच्या अवर्षणात ते भुकेने व्याकूळ होऊन चांडाळाच्या झोपडीत चोरी करावयास शिरतात, आणि चांडाळच त्यांस धर्माची आठवण देतो. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या व १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात कर्तव्याकर्तव्याची चिकित्सा करताना अशाच कथांचा विचार केला आहे. परंतु विश्वामित्रांच्या कथेतील मर्म आपण पुष्कळदा विसरतो. तेथे चोरीस आपद्धर्म म्हटले आहे, धर्म म्हटलेले नाही. आपत्तीत केलेले कर्म क्षम्य ठरू शकते. ते चांगले मात्र होत नाही. त्याचा भार करणाऱ्याच्याच शिरावर राहतो.

वासुदेवरावांचे मोठेपण नेमके येथे आहे. त्यांनी तो भार नाकारला नाही. १८७९ च्या त्या धामधुमीत ते श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या क्षेत्री गेले होते. साथीदारांपैकी पुष्कळांचे लक्ष देशापेक्षा लुटीच्या वाटणीवर आहे, हे पाहून ते खिन्न झाले होते, आणि देवाच्या चरणी देह ठेवावा अशी इच्छा त्यांच्या मनात आली होती. या काळात त्यांनी आपले आत्मवृत्त लिहिले व रोजनिशीही ठेविली. त्यांत त्यांनी दरोडे लपविले नाहीत, त्यांस गोंडस नावे दिली नाहीत, अपयशाची जबाबदारी झटकली नाही. हिशेब कचेरीत घडलेल्या त्या माणसाने स्वतःच्या आयुष्याचीही जमा आणि खर्च समोरासमोर मांडली. आणि खर्चाची बाजू कोरी ठेवली नाही. इकडे टेंपल साहेबांच्या हिशेबात मरणाऱ्या मजुराचा रकाना नव्हता; तिकडे वासुदेवरावांच्या हिशेबात स्वतःच्या दोषाचा रकाना होता. दोन्ही माणसे आकडे मांडणारीच. परंतु एकाच्या आकड्यांत विवेक होता.

पुढील हकीगत प्रसिद्ध आहे. रोहिल्यांची फौज जमविण्याचा त्यांचा प्रयत्न चालू असतानाच जुलै १८७९ मध्ये कलादगी भागातील देवर नावडगी या गावी ते पकडले गेले. पुण्यात खटला चालला. त्यांचे वकीलपत्र घेण्यास सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी पुढे आले. याच मे महिन्यात पुण्यातील बुधवार वाडा आगीत जळाला होता व त्याचा संशय वासुदेवरावांच्या लोकांवर घेण्यात आला होता. तो पुढे निराधार ठरला. न केलेले पाप असे आपोआप गळून पडले. परंतु केलेल्या कृत्यांविषयी त्यांच्या विरुद्ध सर्वांत सबळ साक्ष ठरली ती त्यांच्याच हस्ताक्षरातील कागदांची. त्यांस जन्मठेपेची शिक्षा झाली आणि १८८० च्या आरंभी एडनच्या तुरुंगात त्यांची रवानगी करण्यात आली. १३ फेब्रुवारी १८८३ रोजी कोठडीचे दार बिजागऱ्यांसह उखडून ते निसटले. पण तो अनोळखी, उजाड मुलूख त्यांस लपवू शकला नाही. पुन्हा पकडले गेल्यावर त्यांनी अन्नत्याग केला, आणि १७ फेब्रुवारी रोजी, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी, समुद्रापार त्यांचा अंत झाला.

आज मुंबईत धोबी तलावाजवळच्या चौकास त्यांचे नाव आहे. १९८४ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले. आणि आपल्या पनवेलच्या नाट्यगृहासही त्यांचेच नाव दिले आहे. हे सर्व योग्यच झाले. परंतु ज्ञातीने त्यांस केवळ आपला म्हणून मिरवावे, हे त्यांच्या चरित्रास शोभणारे नाही. ज्ञातीतील सधनांनी पाठ फिरविली तेव्हा ज्यांनी त्यांस जवळ केले, ते ज्ञातीबाहेरचे होते. गुरू मातंग होता आणि उजवा हात रामोशी होता. तेव्हा त्यांच्या स्मृतीवर आपल्याइतकाच, किंबहुना अधिक, हक्क त्या समाजांचा आहे.

चांगले आणि वाईट यांचा विवेक शिकविण्यासाठी सर्वथा निष्कलंक पुरुषांचीच चरित्रे हवीत, असे नाही. ज्याने फार मोठ्या अन्यायाविरुद्ध उभे राहताना हातून लहान अन्याय घडू दिले, आणि त्या दोहोंची नोंद स्वतःच्या हाताने केली, त्याच्या चरित्रापासून आपल्यासारख्या सामान्य संसारी जनांस अधिक शिकता येते. शिरढोणास जाऊन त्यांच्या जन्मस्थानापुढे मस्तक नमविताना वाटेवरच्या पळस्प्यासही क्षणभर थांबावे, तेथील त्या रात्रीच्या भयभीत घरांचे स्मरण करावे, आणि मग पुढे जावे. त्या थोर पुरुषास हीच आपली खरी श्रद्धांजली होय.