समजून घ्या : 'मॉन्सून' शब्दाचा माग काढणारे मोन्सिन्योर दालगादो

मॉन्सून कधी येणार, हा प्रश्न दरवर्षी कोकणापासून आष्टी तालुक्यातील कड्यापर्यंत सगळीकडे विचारला जातो. हा शब्द मात्र अरबी, पोर्तुगीज, इंग्रजी असा प्रवास करून आपल्याकडे आला. अशा शब्दांची कुळे शोधण्यात आयुष्य वेचणारे सेबास्तियांव रुदोल्फ दालगादो हे गोव्याचे.

कोण होते दालगादो?
जन्म ८ मे १८५५, बार्देशातील आसगाव. राशोलच्या सेमिनरीत शिकून ते धर्मगुरू झाले आणि रोमला जाऊन कायद्याचे डॉक्टर. सिलोन, बंगाल असे जिथे काम पडले, तिथली भाषा त्यांनी आत्मसात केली.

कोकणीसाठी काय केले?
गोमंतकीयांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे, असा हुकूम १६८४ मध्ये निघाला होता. त्याच उपेक्षित कोकणीचा पोर्तुगीज अर्थांसह कोश दालगादोंनी १८९३ मध्ये मुंबईत छापला. पुढे लिस्बनमध्ये ते संस्कृत शिकवू लागले.

मॉन्सूनचे मूळ काय?
अरबी 'मौसिम' म्हणजे ठरलेला काळ. वाऱ्यांच्या हंगामावर जहाजे हाकणाऱ्या अरबांकडून पोर्तुगीजांनी तो घेतला, त्याचे 'मोन्सांव' झाले. तिथून तो डच आणि इंग्रजीत गेला. आपला 'मोसम'ही त्याच मुळाचा. म्हणजे 'मॉन्सून' आणि 'मोसमी पाऊस' एकाच घरातले. १९१९ व १९२१ मध्ये दोन खंडांत निघालेल्या दालगादोंच्या कोशात असे शब्द पुराव्यांसह आहेत.

हत्तीचा पाऊस कुठे गेला?
पोर्तुगीज लोक भारतातील पावसाळ्याला 'इन्व्हेर्नु', म्हणजे हिवाळा म्हणत. पावसाळा संपतानाच्या वादळाला त्यांनी हत्तीचे नाव दिले, ते हस्त नक्षत्रावरून. पर्जन्यछायेतील कडा परिसरात रब्बी ज्वारीसाठी ज्याची वाट पाहिली जाते, तेच हे नक्षत्र.

शेवट कसा झाला?
मधुमेहामुळे पाय कापावे लागले, तरी लेखन थांबले नाही. ४ एप्रिल १९२२ रोजी लिस्बनमध्ये त्यांचे निधन झाले. आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांवरचा त्यांचा १९१३ चा ग्रंथ १९३६ मध्ये बडोद्याहून इंग्रजीत आला. चावी, बटाटा, पगार, घमेले हे रोजचे शब्द समुद्रापलीकडून आल्याचे त्यामुळे अनेकांना कळले.