सिकाडाला ऐकू येतं का? हे तपासायला त्यांनी झाडाखाली उखळी बार काढले!

पावसाळ्यात सांजवेळी पेठ वडगावच्या शिवारात उसाच्या फडाजवळ उभं राहिलं की चारी बाजूंनी रातकिड्यांची किर्रर्र ऐकू येते. किडा मात्र एकही दिसत नाही. तो नेमका कुठं बसलाय, आणि तिथंच का? या प्रश्नाच्या अगदी जवळ पोचून चुकलेला मोठा माणूस म्हणजे ज्याँ-आँरी फाब्र.

१८२३ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या एका गरीब घरात त्यांचा जन्म झाला. पुढे मास्तरकी करून घर चालवलं आणि उरलेल्या वेळात किडे पाहिले. १८७९ मध्ये, ५५ व्या वर्षी, सेरीन्याँ गावात त्यांनी एक खडकाळ पडीक माळ विकत घेतला. तीच त्यांची प्रयोगशाळा. तिथं राहून त्यांनी कीटकांवरच्या पुस्तकाचे १० खंड पूर्ण केले. उत्क्रांती त्यांना कधीच पटली नाही, तरी त्यांच्या निरीक्षणाचं कौतुक खुद्द डार्विननं केलं होतं.

त्यांच्या दारात चिनारच्या जातीची झाडं होती. उन्हाळाभर त्यांवर सिकाडा कर्कश गायचे. फाब्र यांनी पाहिलं की नर-मादी सालीत सोंड खुपसून शेजारी शेजारी बसतात आणि ऊन फिरेल तसे फांदीभोवती सरकतात. मग त्यांना प्रश्न पडला, मादी एवढी जवळ असताना नर बोलावतो कुणाला?

त्यांनी जत्रेत बार काढायच्या दोन उखळी गावाकडून आणल्या, काचा फुटू नयेत म्हणून खिडक्या उघडल्या आणि झाडाखाली बार उडवले. गाणं जराही थांबलं नाही. फाब्र यांनी निष्कर्ष काढला की सिकाडा बहिराच असावा, आणि हे गाणं मादीसाठी नसून नुसत्या जगण्याच्या आनंदाचं आहे.

१९१५ मध्ये, ९१ व्या वर्षी ते गेले. नंतरच्या संशोधनानं त्यांना खोटं ठरवलं. सिकाडाला पोटावर कान असतात. पण ते आपल्या जातीच्या उंच पट्टीच्या गाण्याशी जुळलेले असतात, बाराच्या जाड आवाजाशी नाही. शिवाय गाताना नर स्वतःचे कान जवळजवळ मिटून घेतो. आणि ते गाणं मादीसाठीच असतं.

जागेचा प्रश्न मात्र पुढे चालू राहिला. आपल्याच सह्याद्रीत, कर्नाटकातल्या कुद्रेमुखच्या जंगलात बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी रातकिडे आणि त्यांच्या भाऊबंदांच्या जागा मोजल्या. काही जाती जमिनीवरून गातात, काही झुडपांतून, तर काही थेट शेंड्यावरून.

म्हणजे एकाच जंगलात आवाजाचेही मजले असतात. आज संध्याकाळी कान देऊन बघा, तुमच्या दारातला गवई कुठल्या मजल्यावर बसलाय?